निनावीपण आणि केंद्रहीन जाळे



सन २००० च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे संगणकशास्त्रज्ञांची एक लहानशी परिषद भरली. निनावीपणा आणि अलक्षितता या दोन गोष्टी यंत्रांच्या जाळ्यात कशा रचाव्यात, एवढाच तिचा विषय होता. आणि तीत मांडल्या गेलेल्या निबंधांपैकी एक इयान क्लार्क या, एडिनबरो विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाचा व त्याच्या तीन सहकाऱ्यांचा होता. फ्रीनेट नावाच्या ज्या जाळ्याचा आराखडा त्यांनी मांडला, त्यात कोणीही मजकूर ठेवावा आणि कोणीही तो वाचावा, परंतु ठेवणारा कोण, वाचणारा कोण आणि तो मजकूर या क्षणी कोणाच्या यंत्रात पडून आहे, हे कोणत्याही सत्तेला, किंबहुना जाळे रचणाऱ्याला स्वतःलाही, सांगता येऊ नये अशी त्यांची प्रतिज्ञा होती. त्या प्रतिज्ञेचे पुढे काय झाले, आणि ती पुरी करताना ज्या अडचणी आल्या त्यांतील कोणत्या केवळ कारागिरीच्या होत्या व कोणत्या त्या कल्पनेच्या गाभ्यातच होत्या, याचा विचार आज मला आपल्यापुढे करावयाचा आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. निनावीपण माणसाला एकट्याच्या बळावर मिळविता येत नाही; ते त्याला इतरांकडून मिळते. एखादी कृती ज्यांच्यापैकी कोणीही केलेली असू शकेल असा समुदाय त्याच्याभोवती जेवढा मोठा, तेवढाच तो निनावी; समुदाय दहांचा असेल तर दहांइतका, दहा हजारांचा असेल तर दहा हजारांइतका. म्हणून ज्या जाळ्यात मध्यवर्ती अधिकारी नाही, सर्व यंत्रे एकाच दर्जाची आहेत, आणि प्रवेशद्वाराशी कोणी नावनिशी टिपून घेत नाही, त्या जाळ्यात साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच प्रश्न येऊन ठेपतो की, भोवतालचे हे इतर खरोखर इतर आहेत काय, की एकाच माणसाने घेतलेली ती अनेक सोंगे आहेत.

या प्रश्नापर्यंत येण्याचा मार्ग मात्र वेगळ्याच प्रदेशातून, संगीताच्या बिनपरवाना देवघेवीतून, गेला. १९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजच्या विद्यार्थ्याने नॅप्स्टर सुरू केले. त्यात गाण्यांच्या फाइली लोकांच्या घरच्या संगणकांवरच राहत आणि एका घरातून दुसऱ्या घरी थेट जात. परंतु कोणते गाणे कोणाकडे आहे, याची फेरिस्त कंपनीच्या सर्व्हरांवर असे. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिर्याद गुदरली, फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल नॅप्स्टरच्या विरुद्ध गेला, आणि जुलैत ते जाळे बंद झाले. वस्तू असंख्य घरांत विखुरलेल्या असूनही एका हुकमाने सारा व्यवहार थांबविता आला, याचे कारण दफ्तर एका जागी होते. आणि ज्या दफ्तरात वस्तूंची नोंद होती त्याच दफ्तरात, हे विसरू नये, त्या वस्तू बाळगणाऱ्या माणसांचीही नोंद होती.

खटला चालू असतानाच, मार्च २००० मध्ये, नलसॉफ्ट या छोट्या कंपनीतील जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ग्नुटेला प्रसिद्ध केले. त्या कंपनीची मालकी अमेरिका ऑनलाइनकडे होती आणि तिने ते दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावयास लावले. पण तेवढ्या अवधीत ते पुष्कळांच्या हाती पडले होते, आणि त्याची कार्यपद्धती उलगडून इतरांनी तशीच नवी साधने घडविली. ग्नुटेलात फेरिस्त कोठेच नव्हती. ज्याला काही हवे असेल त्याने आपल्या शेजारच्या यंत्रांना विचारावे, त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना, आणि असे साधारणतः सात टप्प्यांपर्यंत. प्रत्येकाला चार शेजारी आहेत आणि वाटेत कोणाचीही पुनरुक्ती होत नाही असे धरले, तर एका प्रश्नासाठी ४,३७२ यंत्रांना जागे व्हावे लागते, आणि जाळ्यात लाखभर यंत्रे असतील तर एवढे करूनही वस्तू सापडेलच असे नाही. प्रश्नावर विचारणाऱ्याचा पत्ता लिहिलेला नसे, ही त्यातली जमेची बाजू; परंतु उत्तर देणाऱ्याला आपला पत्ता लिहावा लागे आणि पुढे फाइल दोघांमध्ये थेट जाई, त्यामुळे ज्याने उदारपणे आपले कपाट उघडे ठेवले तोच प्रथम उघडा पडे. त्याच वर्षी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील एटन अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी या जाळ्याची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोक काहीच देत नाहीत, आणि निम्म्याच्या आसपास उत्तरे वरच्या १ टक्का यंत्रांकडून येतात, असे आढळले. समतेचे म्हणून उभारलेले जाळे काही महिन्यांतच दाते आणि याचक यांत विभागले गेले होते. आणि मला त्यातील अधिक चिंतेची गोष्ट ही वाटते की, दात्यांची संख्या इतकी अल्प असल्यावर त्यांच्यावर नजर ठेवणे हे फारसे अवघड काम उरत नाही.

निनावीपणाचे शास्त्र यापूर्वीच, निराळ्या मंडळींच्या हातून, सिद्ध होत आले होते. १९८१ साली डेव्हिड चॉम यांनी एक युक्ती मांडली. पत्र एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरे तिसऱ्यात असे घालावे. प्रत्येक मध्यस्थाने आपल्या वाट्याचे पाकीट तेवढे फोडून आत लिहिलेल्या पुढच्या पत्त्यावर आतील पाकीट धाडावे. आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, आल्याबरोबर ते न धाडता पुष्कळ पत्रे साठू द्यावीत व क्रम बदलून एकदम बाहेर काढावीत, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला आत गेलेल्या कोणत्या पत्राचे बाहेर आलेले कोणते, हे जुळविता येऊ नये. मध्यस्थांपैकी एक जरी प्रामाणिक राहिला तरी दुवा तुटतो. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील गोल्डश्लाग, रीड आणि सिव्हरसन यांनी हीच पाकिटांची रचना घेतली, पण साठवण वगळली, कारण त्यांना ती पत्रांसाठी नव्हे, तर चालत्याबोलत्या संपर्कासाठी हवी होती. ही वगळलेली साठवण आपण ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. वेगासाठी तेव्हा जी किंमत मोजण्याचे ठरले, तिचे हप्ते आपण अजून फेडीत आहोत.

आता फ्रीनेटकडे वळू. क्लार्क यांच्या रचनेत प्रत्येक मजकुराला गणिताने काढलेली एक खूण असते. मजकूर कूटबद्ध करून ठेवलेला असतो, त्यामुळे ज्याच्या यंत्रात तो आहे त्यालाही तो सहजासहजी वाचता येत नाही. आणि मागणी आली की प्रत्येक यंत्र ती त्या खुणेच्या सर्वांत निकट वाटणाऱ्या शेजाऱ्याकडे सरकविते. मजकूर सापडला म्हणजे तो आल्या वाटेनेच परततो, आणि वाटेवरचे प्रत्येक यंत्र त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवून घेते. यातील सौंदर्य मला आजही मोहून टाकते: ज्या मजकुराला मागणी अधिक त्याच्या प्रती आपोआप वाढतात, म्हणजे तो नष्ट करण्यासाठी जो शोधत फिरेल तोच त्याचा प्रसार करील, आणि ज्याने मागणी पाठविली तो मूळ मागणारा आहे की दुसऱ्याची मागणी पुढे सरकविणारा केवळ वाटाड्या आहे, हे शेजाऱ्याला कळत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जे कोणी मागत नाही ते जागा भरल्यावर गळून जाते. म्हणून अभिलेखागार म्हणून या जाळ्यावर विसंबता येत नाही, आणि लोकप्रिय नसलेले सत्य तेथे लोकप्रिय असत्यापेक्षा लवकर मरते.

शेजाऱ्याला कळत नाही, असे मी म्हणालो. ते अंदाजाने कळते. मागणी किती टप्पे चालावी याचा एक आकडा तिच्याबरोबर प्रवास करतो. तो कमाल म्हणजे १८ असला, तर मागणारा जवळच आहे असे अनुमान निघेल, म्हणून पहिल्या काही टप्प्यांत तो कमी करावा की न करावा हे यंत्राने जणू नाणे उडवून ठरवावे अशी योजना केली गेली. परंतु मोठी फाइल शेकडो तुकड्यांत विभागलेली असते. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र मागणी निघते. आणि तुकड्यांचे किती अंश आपल्या वाट्याला आले हे मोजणाऱ्या शेजाऱ्याला, मागणी मूळ येथूनच निघाली की पलीकडून आली, याचा बऱ्यापैकी निवाडा संख्याशास्त्राने करता येतो. अमेरिकेतील पोलिसांनी याच मार्गाने, जाळ्यात आपली बदललेली यंत्रे शेजारी म्हणून बसवून, बालकांवरील अत्याचारांची चित्रे मागविणाऱ्यांचा छडा लावला. त्या गुन्हेगारांविषयी माझ्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही, आणि निनावी जाळ्यांचा पुरस्कार करणाऱ्याने या गोष्टीवरून नजर वळवून पुढे जावे हे मला लांच्छनास्पद वाटते. पण गणिताला हेतू समजत नाही. जी रीत पोलिसाच्या हाती गुन्हेगाराला उघड करते, तीच रीत, तेवढ्याच खर्चात, जुलमी राजवटीच्या हेराला तेथील वार्ताहराचे घर दाखविते. आणि या दोहोंत भेद करणारे यंत्र अद्याप कोणी बांधलेले नाही.

शेजारी म्हणून बसविलेली ही बदललेली यंत्रे आपल्याला मूळ प्रश्नाशी आणून सोडतात. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन डाउसर यांनी एक छोटा निबंध लिहिला, आणि माझ्या मते या विषयातील सर्व वाङ्मयात त्याच्याइतका निर्णायक दुसरा नाही. एकाच देहात अनेक व्यक्ती वावरतात अशा एका रुग्णेच्या कथेवरून त्यांनी या आक्रमणाला सिबिल असे नाव दिले. त्यांनी दाखविले ते असे: ज्या जाळ्यात ओळखीचा दाखला देणारी एखादी मध्यवर्ती सत्ता नाही, तेथे एक माणूस वाटेल तितकी नावे धारण करून वावरू शकतो, आणि सर्वांपाशी साधने समसमान आहेत व सर्वांची परीक्षा एकाच क्षणी घेता येते, अशा व्यवहारात न आढळणाऱ्या गृहीतांखेरीज त्याला अडविता येत नाही. कोडे सोडवावयास लावावे, तर श्रीमंताजवळ यंत्रे अधिक. ओळखीच्यांची साक्ष घ्यावी, तर सोंगे एकमेकांची साक्ष देतात. निनावीपणासाठी समुदाय हवा, आणि समुदाय खरा आहे हे सांगण्यासाठी कोणीतरी मोजणारा हवा. मोजणारा आला की त्याच्यापाशी यादी आली, आणि यादी आली की नॅप्स्टरचे दफ्तर पुन्हा उभे राहिले.

याच सुमारास यंत्रे शोधण्याच्या पद्धतीत मोठी प्रगती झाली होती. २००१ साली कॉर्ड, पेस्ट्री इत्यादी रचना आल्या आणि २००२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील मायमुंकोव्ह व माझिएर यांची काडेम्लिया आली. तीत प्रत्येक यंत्राला १६० अंकी द्विमान क्रमांक मिळतो, आणि दोन क्रमांकांतील अंतर अशा रीतीने मोजले जाते की दहा लाख यंत्रांतून हवे ते यंत्र सुमारे वीस टप्प्यांत सापडावे. ग्नुटेलाच्या पुराशी तुलना करता ही सिद्धी मोठीच होय, आणि फायलींच्या देवघेवीत ती आज रुळलेली आहे. मग या शोधपद्धतीवर निनावी जाळे का उभे करू नये? मॅसॅच्युसेट्समधील टारझन आणि झुरिकमधील मॉर्फमिक्स या रचना त्या काळी याच आशेने मांडल्या गेल्या की, प्रत्येक वापरणारा हाच मध्यस्थ व्हावा आणि वेगळी मध्यस्थांची जात उरू नये. मॉर्फमिक्समधील कटवाल्यांना ओळखण्याची युक्ती काही वर्षांत निष्प्रभ ठरविली गेली. त्याहून खोल घाव २००८ साली इलिनॉय विद्यापीठातील मित्तल आणि बोरिसोव्ह यांच्या निबंधाने घातला. मध्यस्थ निवडण्यासाठी जो शोध घ्यावा लागतो तो इतरांना दिसतो. खोटे उत्तर मिळू नये म्हणून तोच शोध अनेक वाटांनी घ्यावा, तर तो अधिक जणांना दिसतो. आणि दिसू नये म्हणून एकाच वाटेने घ्यावा, तर त्या वाटेवर बसलेला लबाड आपल्याच साथीदारांचे पत्ते हाती देतो. फसवणुकीपासून रक्षण आणि पाळतीपासून रक्षण यांची तोंडे येथे परस्परविरुद्ध दिशांना आहेत, आणि रचनाकार कितीही कुशल असला तरी त्याला त्यांच्यामध्ये कोठेतरी उभे राहावेच लागते.

नौदल प्रयोगशाळेतील पाकिटांच्या त्या रचनेवरूनच पुढे घडलेल्या टॉर या निनावी जाळ्याच्या कर्त्यांनी, म्हणजे डिंगलडाइन, मॅथ्यूसन आणि सिव्हरसन यांनी, २००४ साली आपली रचना प्रसिद्ध करताना आपण समकक्ष यंत्रांचे जाळे बांधीत नाही, असे स्पष्ट लिहिले. ती कल्पना आकर्षक आहे, पण तीत न सुटलेले प्रश्न फार आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता. मध्यस्थ यंत्रे स्वयंसेवकांची, पण त्यांची यादी ठरविणारी यंत्रे मोजकी, सुमारे नऊ, आणि ती दर तासाला मतैक्याने एक यादी जाहीर करतात. केंद्र नाहीसे केले नाही. ते विभागले, आणि कोठे आहे ते सर्वांना सांगितले. काही मित्र याला तडजोड म्हणतात. मला ही त्या रचनेतील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण विश्वास कोणावर टाकावा लागणार हे जेथे लपविलेले नसते तेथे त्या विश्वासाची तपासणी करता येते. ही तपासणी पुरेशी होते असे मात्र नव्हे. ३० जानेवारी २०१४ रोजी सुमारे ११५ नवी मध्यस्थ यंत्रे टॉरमध्ये दाखल झाली, प्रवेशाच्या यंत्रांच्या एकूण क्षमतेपैकी ६.४ टक्के क्षमता त्यांच्याकडे आली, आणि लपविलेल्या सेवांकडे जाणाऱ्यांना ओळखण्याचा त्यांचा उद्योग ४ जुलैला ती काढून टाकीपर्यंत चालला. यादी ठरविणारे होते, यादी जाहीर होती; तरीही सोंगे पाच महिने आत राहिली.

फ्रीनेटने २००८ च्या आवृत्तीत उलट वाट धरली. अनोळखी शेजारी हेच जर संकटाचे मूळ असेल, तर शेजारी ओळखीचेच असावेत, प्रत्येक यंत्राने ज्यांना त्याचा मालक प्रत्यक्ष जाणतो अशांशीच जोडले जावे, आणि उरलेल्या जगाला ते यंत्र जाळ्यात आहे हेच कळू नये. माणसांच्या परिचयांचे जाळे लहान असते, चारदोन हातांनी पत्र कोठल्याकोठे पोहोचते, हे १९६७ पासून मिल्ग्रम यांच्या प्रयोगामुळे ठाऊक होते, आणि असा मार्ग यंत्राला केव्हा सापडू शकतो याचे गणित क्लाइनबर्ग यांनी २००० साली दिले होते. ऑस्कर सँडबर्ग यांनी त्यावरून यंत्रांनी आपापसांत स्थाने अदलून बदलून योग्य क्रम लावण्याची रीत काढली. २००७ सालीच काही संशोधकांनी दाखवून दिले की थोडी यंत्रे आपल्या स्थानाविषयी खोटे बोलत राहिली, तर अदलाबदलीच्या ओघात ते खोटे सर्वत्र पसरते आणि प्रामाणिक यंत्रांचा मजकूर हरवू लागतो. याहून साधी अडचण मला अधिक बोचते. ज्याला ओळखीचे चार जण या जाळ्यात सापडत नाहीत तो बाहेरच राहतो, आणि निनावीपणाची गरज ज्यांना सर्वांत अधिक असते, खेड्यातील एकटी तक्रारदार, कचेरीतील एकटा कारकून, त्यांचीच अशी मित्रमंडळी नसते.

२०१८ साली चार संशोधकांनी या साऱ्या अनुभवाला गणिताची चौकट दिली: कडेकोट निनावीपण, अल्प विलंब आणि निरर्थक वाहतुकीचा अल्प भार, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोन घ्याव्यात आणि तिसरी सोडावी. १९९० नंतरच्या रचनाकारांनी विलंब नको म्हणून साठवण सोडली, तेव्हा त्यांनी त्यांतील पहिल्या गोष्टीचाच काही भाग देऊन टाकला होता. जाळ्याची दोन्ही टोके पाहणाऱ्याला वेळेच्या जुळणीवरून दोघांना जोडता येते, हे टॉरच्या कर्त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. माझा आग्रह असा की, विलंब सोसण्याजोगे पुष्कळ व्यवहार आहेत. अधिकाऱ्याविरुद्धचा अर्ज, वृत्तपत्राकडे धाडलेला कागद, एखाद्या आजाऱ्याने वैद्याला विचारलेली नाजूक गोष्ट, ही सहा तासांनी पोहोचली म्हणून काही बिघडत नाही. चॉम यांच्या पद्धतीची पत्रव्यवस्था यापूर्वी उभारली गेली, २००३ साली मिक्समिनियन आली. पण ती वापरणारे थोडे, आणि थोडे असल्यामुळे तिचे संरक्षणही थोडे. डिंगलडाइन आणि मॅथ्यूसन यांनी २००६ साली हाच मुद्दा मांडला की, जे साधन वापरावयास अवघड ते लोक वापरीत नाहीत, आणि लोक वापरीत नाहीत ते साधन, त्याचे गणित कितीही पक्के असले तरी, कोणाला झाकीत नाही.

त्याच वर्षी डिंगलडाइन, सेर्जान्तोव्ह आणि सिव्हरसन यांनी यावर एक उपाय सुचविला आहे, आणि तो मला फार आशादायक वाटतो. संथ आणि जलद यांची दोन जाळी न करता एकच असावे. पत्राने प्रत्येक मध्यस्थाकडे किती थांबावे हे पाठविणाऱ्याने स्वतः पाकिटात लिहावे. ज्याला घाई आहे त्याने शून्य लिहावे, ज्याला भीती आहे त्याने मोठा आकडा लिहावा. आणि बाहेरून पाहणाऱ्याला कोणी काय लिहिले हे कळत नसल्यामुळे घाईवाल्यांच्या गर्दीचा आसरा भिणाऱ्यांना मिळावा, व भिणाऱ्यांच्या अनिश्चिततेचा थोडा लाभ घाईवाल्यांनाही व्हावा. टॉरने ही योजना अंगीकारलेली नाही, आणि केंद्रहीन जाळ्यात ती सिबिलच्या सोंगांपुढे कितपत टिकेल हा प्रश्न मोकळा आहे. श्रोत्यांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी मला दिसत आहेत. त्यांपैकी कोणी आपल्या प्रबंधासाठी विषय शोधीत असेल, तर त्याने या प्रश्नाचे गणित हाती घ्यावे अशी माझी मनापासून विनंती आहे.